थंड इंजिनाची अट

ज्या गाडीत पाणी घालावं लागत नाही, ती गाडी माणसाला आयुष्यात कधी दगा देत नाही, असं तात्यासाहेब पाटोदेकर सांगत. हे ते बहुतेक वेळा गाडी ढकलताना सांगत.

गाडी जुनी, जर्मन, पाठीत इंजिन असलेली आणि वाऱ्यावर थंड होणारी. त्या हिवाळ्यात ती टकटक वाजायला लागली आणि तात्यासाहेबांनी मन घट्ट करून ती विकायला काढली. वैजापूरचा एक कापूस व्यापारी रविवारी येणार होता. आवाज बंद झाला तरच घेणार होता. बंद करायची जबाबदारी मुलावर आली. शंतनू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि कॉलेजाबाहेर शक्यतो बोलायचा नाही.

तो गाडी घेऊन निघाला, तर हर्सूलच्या चौकात त्याच्या खिडकीशी एक स्कूटर थांबली. हेल्मेटची काच वर झाली. आत दोन डोळे होते... आणि ते हसत होते.

"टॅपेट गरम इंजिनावर बसवलेत ना कुणीतरी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतंय की. अख्ख्या चौकाला ऐकू येतंय."

ती मनस्विनी. वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची. आजोबांकडं अशीच गाडी होती, त्यामुळं हाताला सवय. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी तिनं निवांत समजावलं, की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटला कागदाएवढी फट लागते. इंजिन गरम असलं की लोखंड फुगतं आणि फट खोटं बोलते. तेव्हा गाडी रात्रभर बंद ठेवायची, सकाळी ती कामावर जाता जाता येईल. शंतनूनं पत्ता सांगितला. घाबरून पिनकोडही सांगितला.

सकाळी ती आली, मागचं झाकण उघडून तिनं इंजिनावर तळवा ठेवला. गरम. तात्यासाहेब अभिमानानं पुढं आले. पाहुणी येणार आणि गाडी कुडकुडायली, हे त्यांना बघवलं नव्हतं. पहाटेच सुरू करून ठेवली होती. मग चहा झाला, मुरमुऱ्यांची सुशीला झाली आणि मनस्विनी उद्याचं सांगून गेली. उद्या तात्यासाहेब गाडी काढून दूध आणायला गेले. पुन्हा चहा. कपाच्या वाफेआडून तिनं शंतनूकडं पाहिलं, त्यानं बशीकडं.

शुक्रवारी शहाणपण सुचून त्यानं किल्ली रात्रीच स्वतःच्या खिशात ठेवली. शनिवारी सकाळी काचांवर दव होतं. आता इंजिन थंड असणार, टॅपेट बसणार, आवाज जाणार, उद्या गाडी जाणार... आणि परवापासून या फाटकातून कुणीही येणार नव्हतं. हिशोब सोपा होता. त्याला रात्रभर झोप नव्हती.

मनस्विनीनं इंजिनावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली.

शंतनूनं तिच्या हाताशेजारी हात ठेवला. पत्रा बर्फासारखा होता. ज्या माणसानं आजवर दशांश चिन्हसुद्धा चुकवलं नव्हतं, तो म्हणाला,

"हो... बरीच गरम आहे."

दोघांचेही हात तिथंच राहिले. तेवढी जागा मात्र खरंच उबदार व्हायला लागली.

"गरम कशी?" ओट्यावरून तात्यासाहेब म्हणाले. "किल्ली तर रात्रीपासून तुझ्या खिशात आहे."

तात्यासाहेबांनी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि चहाचं आधण बघायला ते आत गेले.

"एक सांगू?" ती हळूच म्हणाली. "ढिला टॅपेट वाजतो, पण त्यानं फारसं बिघडत नाही. घट्ट बसलेला गप्प असतो. व्हॉल्व्ह आतल्या आत जळतो, कळतसुद्धा नाही. मला गप्प गाड्यांची भीती वाटते."

"गाडी उद्या जाईल," शंतनू म्हणाला. "मग तुम्ही..."

"मग तुम्ही या. आमच्याकडं गाडी नाही. काय निमित्त काढता ते बघायचंय मला."

"निमित्त नाही काढणार. तुमच्या आई-वडिलांना सरळ सांगेन... की मला तुमची मुलगी आवडते."

"हे आधी मुलीला सांगतात."

"सांगितलं की. आत्ताच."

ती हसली नाही. तिनं हेल्मेट काढलं, इतक्या दिवसांत प्रथमच कामावर उशिरा येत असल्याचा फोन केला आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरली, म्हणजे चेहरा दिसायला नको. खालून तिनं फक्त एक स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि तो देताना शंतनूच्या बोटांना जरा जास्तच वेळ लागला.

गाडी सुरू केली तेव्हा टकटक गेली होती. रविवारी व्यापारी ती घेऊन गेला. वैशाखात लग्न झालं.

टॅपेट आठही पहिल्यापासून बरोबरच होते. आवाज इंजिनाखालच्या पत्र्यातल्या एका सैल स्क्रूचा होता, आणि मनस्विनीला ते चौकातच ऐकू आलं होतं.