गप्प बसण्याचं मिनिट

तुम्ही कधी रिकाम्या खोलीचा आवाज ऐकलाय का? या कामाला लागेपर्यंत मीही ऐकला नव्हता.

आमचं वस्तीचं रेडिओ केंद्र म्हणजे दोन खोल्या. खिडक्यांना आतून गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आठवड्यातून एकदा मी कुणाला तरी बोलावते आणि गप्पा मारते. नाटक, गाणं, पालिकेचा कारभार, काहीही. गप्पा संपल्या की पाहुण्यांना सांगायचं, "आता एक मिनिट अगदी गप्प बसा." ती शांतताही आम्ही रेकॉर्ड करतो. पुढे एखादं वाक्य कापावं लागलं, तर तिथे तीच शांतता जोडायची. जागा कोरी ठेवली तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

त्या दिवशी पडदेवाल्या काकू आल्या होत्या. जुन्या नाट्यगृहाचे पडदे त्यांनी तीस वर्षं रंगवले. ते नाट्यगृह जळलं, दोन माणसं गेली, आणि ठपका आला काकूंच्या धाकट्या बहिणीवर. ती तिथे कपड्यांना इस्त्री करायची. इस्त्री चालू ठेवून गेली, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून धाकटीनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

पडद्यांबद्दल बोलता बोलता काकू मध्येच थांबल्या, माईककडे सरकल्या आणि एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "इस्त्री मी माझ्या हातानं बंद करून ठेवली होती. धाकटीचा दोष नाही. माणसं गेली ती मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून. आणि ते मालकांनी घातलं होतं, फुकटे आत शिरू नयेत म्हणून."

मग मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्या हसल्या. "चाळीस वर्षं नवरा सांगून थकला, नाही बसले. तुझ्यासाठी बसते हो." आणि खरंच बसल्या, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "बाई, संपलं का मिनिट?"

आमच्या दोन खोल्या त्याच मालकांच्या. केंद्र चालवणारे सर म्हणाले, "तेवढं काढा. उद्या जागा गेली तर रस्त्यावर बसून बोलायचं का?"

मी काढलं. चौदा सेकंद. तिथे काकूंचीच शांतता जोडली. कापलेला तुकडा पुसूनही टाकला. सरांनी तेवढं सांगितलं नव्हतं, ते मी आपल्या मनानं केलं.

कार्यक्रम लागला तेव्हा काकूंनी धाकटीला मुद्दाम रेडिओजवळ बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या दारात आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मी गप्प बसले, ते यासाठी होय गं?"

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. सर हळहळले. "बिचाऱ्या! तोच कार्यक्रम पुन्हा लावू उद्या सकाळी."

दुपारी मी एकटीच कार्यक्रम तपासायला बसले. कापलेली जागा आली. शांतता... आणि त्या शांततेत श्वास. माणूस रेकॉर्ड केला की श्वास येतोच, मी मनाला समजावलं. पण चौदा सेकंद झाले, वीस झाले, तरी पुढचं वाक्य येईना. मी यंत्र बंद केलं. श्वास चालूच होता. कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तरी तो तितक्याच जवळून येत होता. गाद्यांमधून करपलेल्या कापडाचा वास सुटला. समोरची खुर्ची किंचित करकरली, कुणीतरी पुढे सरकून बसावं तशी.

"बाई... संपलं का मिनिट?"

पळावंसं वाटलं, पण पळून कुठे जाणार होते? कापलं होतं मीच.

"संपलं, काकू..." मी कशीबशी म्हणाले. "चुकले मी."

मग माईक ओढला. त्यांचा आवाज मी पुसला होता, शब्द मात्र पाठ झाले होते. इस्त्री, धाकटी, कुलूप, मालक. त्या जागी मी सगळं माझ्या आवाजात बोलले आणि जोडून टाकलं. जागा गेली तर जाऊ दे. बोलून होईपर्यंत खुर्ची पुन्हा हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कार्यक्रम लागला. साडेआठला धाकटीचा फोन आला. ती रस्त्यावर उभी राहून बोलत होती, शेजाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. रडत म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं हो! अक्काचा आवाज किती स्वच्छ आला!" मी घरी रेडिओ कानाशी धरून बसले होते. मला मात्र त्या कापलेल्या जागी चौदा सेकंद फक्त शांतता ऐकू आली.