खिडकीकडची जागा

तुर्कस्तानातल्या गोरेमेत माझं काम एकच, पाहुण्यांना घेऊन उडणाऱ्या फुग्यामागे पिकअप पळवायची. वर पाहुणे सूर्योदय बघतात, खाली आम्ही धूळ खातो. फुगा उतरला की त्याच्या टोपलीला लोंबकळून ती जमिनीवर धरून ठेवायची. नियम साधे आहेत. फुग्यातली गरम हवा निघेपर्यंत टोपलीतून कोणी उतरायचं नाही, कारण एका माणसाचं वजन कमी झालं तरी फुगा परत वर झेपावतो. आणि खालच्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटले, की त्याने हात सोडायचे.

तैफुरने सोडले नाहीत. गेल्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत तो माझ्या मुलीच्या टोपलीचा दोर धरून वर गेला आणि जर्दाळूच्या बागेत पडून मेला. नेसरिन पायलट, आणि दोघांचा साखरपुडा झालेला. पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढेच बसायचो, मी स्टिअरिंगशी, मध्ये ती, खिडकीकडे तो. गुणी पोरगा, पण एक नंबरचा हट्टी. मला त्याचा अजून राग येतो.

या वसंतात नेसरिन पुन्हा उडायला लागली. मी नको म्हणत होतो, पण बापाचं ऐकेल तर ती नेसरिन कसली!

"बाबा, टोपली जड लागतेय," त्या सकाळी वॉकीटॉकीवर ती म्हणाली. "गॅस भसाभस संपतोय."

"पाहुण्यांनी नाश्त्याला अंड्यांचं मेनेमेन दाबून खाल्लं असेल," माझ्या शेजारून माझा जोडीदार शाबान ओरडला.

"तुमच्याइतकं कोणी खात नाही, शाबानभाऊ." ती हसली मात्र नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, माझ्याच कप्प्याकडे कलतेय हो. इथे तर मी एकटीच आहे."

मी पिकअपचा वेग वाढवला. तेवढ्यात वारा उठला आणि उतरायला मोकळी जागा उरली ती फक्त जर्दाळूच्या बागेलगतची. टोपली आपटली, उसळली, द्राक्षांचे वेल उपटत फरफटत गेली. आम्ही धावत जाऊन तिचा काठ पकडला. आत पाहुणे गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. नेसरिनने लाल दोर खेचला. त्याने फुग्याचा माथा उघडून हवा निघायला हवी होती.

"अडकलंय, बाबा!"

"कोणी उतरू नका!" मी ओरडलो.

कोणीच उतरलं नाही. मी डोळ्यांनी बघत होतो. तरी माझ्या बाजूचा काठ खाली दबला, कोणी पाय टाकून बाहेर यावं तसा.

आणि फुगा उसळला.

शाबानचे हात सुटले. माझे पाय जमिनीवरून सुटले. वर माझी मुलगी होती. मी हात सोडले नाहीत.

मागून माझ्या कमरेला मिठी पडली. घट्ट. माझी बोटं काठावरून निसटली आणि मी पाठीवर आदळलो.

वाऱ्याने फुगा कबुतरखाने कोरलेल्या सुळक्यावर नेऊन हाणला. कापड टरटर फाटलं. टोपली कड्यावर आपटून उलटी झाली आणि माणसं खाली फेकली गेली. एका बाईच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. बर्नरची नळी तुटून आग फुत्कारत होती. एका म्हाताऱ्याचे केस पेटले, ते शाबानने आपला कोट टाकून विझवले. सगळीकडे किंकाळ्या आणि जळक्या मांसाचा वास.

नेसरिन उलट्या टोपलीखाली सापडली. खांदा निखळलेला, तोंडात रक्त, पण जिवंत. मी लहान पोरासारखा रडलो.

"शाबान, मला मागून खेचलंस ते तू?"

"उस्ताद, मी तर तोंडावर पडलो होतो. तुमच्या मागे कुणीच नव्हतं."

"आधी पाहुणे," नेसरिन म्हणत राहिली. रुग्णवाहिका भरून गेल्या, तेव्हा मी तिला उचलून पिकअपकडे नेलं. गाडीत काही सामान नव्हतं, तरी ती खिडकीकडच्या जागेच्या बाजूला दबलेली होती. मी तिला खिडकीकडे बसवलं, दार लावलं आणि वळसा घालून माझ्या जागेवर आलो.

ती मध्ये सरकली होती, माझ्या खांद्याला चिकटून.

"बाबा, जरा तिकडे व्हा ना," डोळे मिटूनच ती म्हणाली. "आम्हाला जागा पुरत नाहीये."

मी सरकलो.