दक्षिणेच्या भिंतीतलं दार

विश्वास ठेवा नाहीतर हसा... पण हे माझ्याच घरात घडलंय.

२०१६चा जून, न्यूझीलंडमधला ऐन हिवाळा. ऑकलंडजवळ, वायुकू गावाच्या पुढे आम्ही जुनं फार्महाउस घेतलं होतं.

बाहेरच्या लाकडी फळ्या पार कुजलेल्या. भिंतीतून वारा आत यायचा आणि आमच्या छोट्या श्रियाचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. मिळेल त्या वेळात मी नव्या फळ्या ठोकत होतो.

त्यात पुण्याहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल. त्यांना नेमकं मागचं दार दिसलं.

"जावईबापू, दक्षिणेला दार? यमाची दिशा ती! आधी बुजवा."

इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. यमाने तेवढी दिशा बदलली नसेल? पण बायको, सिद्धी, हटूनच बसली. दार बंद केलं आणि बाहेरून त्याच्यावर फळ्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येऊन बघतो तर...

फक्त दारावरच्या फळ्या निघालेल्या. भिंतीला नीट टेकवून ठेवलेल्या. खिळे डब्यात.

वाऱ्याने पडल्या म्हणावं, तर वारा खिळे गोळा करत नाही!

परत ठोकल्या. परत निघाल्या. माझं डोकंच फिरलं. कामाचा नुसता विचका.

एका संध्याकाळी श्रिया दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, समवन इज वायपिंग हिज बूट्स."

मी कान दिला.

खर्र... खर्र...

दार उघडून पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसणंही नव्हतं.

शेजारच्या फार्मवरच्या कॉलिनला विचारलं. तो म्हणाला, "दॅट्स जॅक्स डोअर, मेट. तुझ्या घराचा जुना मालक, म्हातारा. गायींचं दूध काढायला तो इथूनच जायचा-यायचा. लीव्ह इट ओपन."

"आणि आता जॅक कुठेय?"

"गेला. बरीच वर्षं झाली."

मेलेल्या म्हाताऱ्यासाठी माझ्या पोरीने कुडकुडायचं? मला असा संताप आला! या वेळी खिळे नाही, लांबलचक स्क्रू मारले. आतूनही फळ्या मारून दार बंद करून टाकलं.

फळ्या टिकल्या. घर ऊबदार झालं. श्रियाचा खोकला गेला. जिंकलो, असं वाटलं.

मग एका पहाटे पॅसेजमधून खोकला ऐकू आला...

औषध घेऊन धावलो. श्रिया तिच्या खोलीत शांत झोपलेली.

खोकला परत आला. जड, म्हाताऱ्या माणसाचा.

पॅसेजमध्ये चिखलाचे ठसे होते. मोठ्या गमबुटांचे. फायरप्लेसपासून निघून बुजवलेल्या दारापर्यंत गेलेले.

परत आलेले नव्हते.

तो बाहेर राहावा म्हणून मी दार बुजवलं. बुजवताना तो घरात होता का, हे कोणाला विचारणार?

सिद्धी रडत म्हणाली, "उघड रे ते दार. बाबांना मी सांगेन काय ते."

तेव्हापासून प्रयत्न करतोय. ड्रिल नुसतं गरगरतं, स्क्रू जागचे हलत नाहीत. पहार लावली, तर पहारच वाकली. कॉलिन आला, दाराला हात लावून बघितला आणि निघून गेला.

आजही पहाट झाली की बुजवलेल्या दारावर आतून सुरू होतं...

ठक... ठक...

आणि श्रिया माझी बाही ओढते.

"बाबा, प्लीज लेट हिम आउट. द काऊज आर वेटिंग."

आमच्या जमिनीवर एकही गाय नाही.