बोळातली खुर्ची

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर तिला नीट शेवट तरी दिला असता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात हे घडलं. त्यातल्या एका संध्याकाळची साक्षीदार तर मी स्वतःच आहे. ती संध्याकाळ पुढे येईलच.

मावशी म्हणजे काकांची दुसरी बायको. काका जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. पहिली बायको आजारपणात गेली, त्यानंतर काही वर्षांनी हे लग्न झालं. घर काकांचं, छापखान्यामागच्या गल्लीतलं, दगडी. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येतं. उन्हाळ्यात गारेगार, पण इंटरनेटच्या नावाने बोंब.

राउटर पुढच्या खोलीत. झोपायची खोली पार मागे. मध्ये लांब, अरुंद बोळ.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, टॅबवर काकांचा व्हिडिओ कॉल यायचा. पुढच्या खोलीत छापखान्याची धडधड आणि गल्लीतून डोकावणारे लोक, म्हणून मावशी मागच्या खोलीत बसायची. दिवसभरात नवऱ्याचा सहवास काय तो तेवढाच.

आणि नेमका तोच तुटायचा.

काका काहीतरी बोलायला लागायचे, चित्र थिजायचं... संपलं.

मावशी संशयी नाही, असं मी म्हणणार नाही. काका मुद्दाम कॉल तोडतात, तिकडे कुणीतरी असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि तिकडे कुणी नसलं, तरी इकडे 'ती' होतीच.

ती म्हणजे पहिली. मावशीने तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

मागच्या खोलीत खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती. "तिथे बसूनच ती फोनची वाट बघायची हो," असं शेजारणीने सांगितलं आणि मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने खुर्ची टाकून द्यायचं काढलं, तर काका म्हणाले, "टाकू नकोस गं. असू दे कुठेतरी."

त्या 'असू दे'चा मावशीला फार राग आला. तिने खुर्ची ओढत नेली आणि बोळात ठेवली, भिंतीकडे तोंड करून.

कॉल तुटायला लागले ते तेव्हापासून. पण हे तिच्या लक्षात आलं फार उशिरा.

शेवटी तिने इंटरनेटवाल्याला बोलावलं. माणूस भारी बडबड्या. मोबाइलवर सिग्नल बघत तो बोळातून निघाला. खुर्चीपर्यंत सगळं ठीक. खुर्ची ओलांडली... आणि आकडा घसरला.

मागे आला, वाढला. पुढे गेला... घसरला.

"ताई, माझ्या मागे उभ्या राहू नका," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "मध्ये माणूस आला की सिग्नल अडतो."

"मी इथे आहे."

मावशीचा आवाज समोरून आला होता. मागच्या खोलीतून.

त्याने वळून पाहिलं. बोळ रिकामा. नुसती खुर्ची.

"खुर्चीने अडत असेल," मावशी म्हणाली.

"लाकडाने एवढं नाही अडत. कुणी बसलं असतं तर गोष्ट वेगळी." तो हसला, खुर्ची बाजूला करायला त्याने बैठकीला हात घातला... आणि झटकन काढून घेतला.

"उन्हात होती का ही?"

त्या बोळात ऊन येतच नाही.

मग त्याची बडबड बंद झाली. तार त्याने बोळातून नेलीच नाही. बाहेरून फिरवली, दगडी भिंतीला भोक पाडलं, मागच्या खोलीतच दुसरा राउटर बसवला आणि चहाला न थांबता गेला.

इलाज मात्र लागू पडला. राउटर टॅबपासून हातभर अंतरावर. मध्ये यायला कुणाला जागाच उरली नाही.

"आता बघते कोण मध्ये येतंय," मावशी म्हणाली.

पण कॉल टिकायला लागला, तशी तिची उलटतपासणीही लांबली. कुठे होतात? मागे कोण हसलं? काका कंटाळून फोन ठेवायचे.

एका रविवारी माझ्या आईला बरं नव्हतं, म्हणून मावशी आमच्याकडे आली. काकांना मुद्दाम कळवलं नाही. "करू दे जरा काळजी," म्हणाली. टॅब तिच्या घरी, घराला कुलूप. संध्याकाळचा चहा मी केला. अंधार पडेपर्यंत ती माझ्यासमोर बसून होती.

हीच ती संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी काका टॅबवर आले ते खुशीत.

"काल फार बरं वाटलं गं."

"काल?"

"खुर्ची परत खिडकीपाशी आणलीस ना, ते. मागून उजेड होता, चेहरा काही नीट दिसला नाही तुझा. पण किती शांतपणे ऐकत होतीस. एकदासुद्धा चिडली नाहीस."

मावशीने हळूच दाराबाहेर पाहिलं...

खुर्ची बोळातच होती. पण तिचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं. खोलीकडे होतं.

मावशीने मला फोन केला, तेव्हा ती रडत होती. मला वाटलं, घाबरली.

"इतके खूष होते गं," ती म्हणाली. "माझ्याशी बोलून कधी झाले नाहीत तसे."

काकांना खरं सांगून टाक, म्हणून मी मागे लागले. 

"सांगितलं तर ते तिच्याशीच बोलायला मागतील," ती म्हणाली.

 

आता संध्याकाळी मावशी घर सोडत नाही. खुर्ची तिने स्वतःच खिडकीपाशी आणली आहे. उजेडाकडे पाठ करून ती तिच्यात बसते आणि काका बोलतील ते ऐकते. चिडत नाही, काही विचारत नाही. काका खूष आहेत.

परवा संध्याकाळी मीच तिला टॅबवर कॉल केला. लगेच उचलला. खिडकी, खुर्ची, चेहरा अंधारात.

माझा फोन आला की मावशी सगळ्यात आधी विचारते, "जेवलीस का गं?" लहानपणापासून कधी चुकलं नाही.

परवा तिने विचारलं नाही.

शांतपणे ऐकत राहिली...