तुरीतल्या दोघी

राळेगावच्या रस्त्याला जो कच्चा फाटा फुटतो, त्याच्या टोकाला आमचा तांडा. तिथं प्रेम राठोड राहतो, सॉफ्टवेअरवाला. कंपनी पुण्यात आणि हा इथं, वरच्या खोलीत बसून दिवसभर कॉम्प्युटरशी डोकं लावत असतो. लॉकडाउनात आला तो आलाच. पुण्याची खोली सोडली, ते आईसाठी.

आई म्हणजे लालीबाई. आमच्यात आईला याडी म्हणतात. घरात सगळं बोलणं आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालतं, पण तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून मी ते आपल्या वऱ्हाडीत सांगतो.

प्रेमचा बाप गेला आणि लालीबाई विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग सणवार, मग माणसं. जेवून हात धुतला की विचारायची, मले जेवायले कधी देता? एके सकाळी तिनं प्रेमलाच विचारलं, पाहुणे, तुम्ही कोण्या तांड्याचे? बिचारा हसला, चहा संपवला, वर गेला आणि दार लावून रडला. आणि लगेच तोंड धुऊन मीटिंगला बसला. त्याला दुसरं काही नको होतं हो. याडीनं आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच.

त्याला नाद म्हणाल तर एकच, ड्रोन. रविवार आला की तो घेऊन निघायचा. पांढरीफेक कपाशी, सागाचं रान, कळंबला चिंतामणीची यात्रा, सगळं वरून टिपायचा. पोट्टे त्या यंत्राला भिंगरी म्हणत. त्याची बायको अंजू म्हणायची, माझ्याकडं कधी इतक्या मायेनं पाह्यलं नाही या माणसानं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेजारच्या देवसिंगकाकांची तूर रानडुकरांनी आडवी केली होती. काका म्हणाले, प्रेम, तुही भिंगरी उडव अन् डुकरं कोण्या बाजूनं घुसतात ते पाहून दे. प्रेमनं काम लवकर उरकलं आणि उन्हं कलती होताना दोघं वावराकडं निघाले. लालीबाई अंगणात बसली होती, तीही उठून मागं चालू लागली. गल्लीच्या वळणावर प्रेम वैतागला. "तू कायले येऊन राह्यली? घरी जाय," म्हणाला. ती थांबली. घराकडं वळलेली त्यानं पाहिली, पण दारात शिरलेली काही पाहिली नाही.

तूर त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आत पाऊलभर शिरलं की माणूस गडप. वावराच्या पार मधोमध जुनी विहीर, तिला कठडा नाही, पावसात एक बाजू खचलेली. काकांनी पोरांना तिकडं जायची सक्त मनाई केली होती. त्यात अलीकडं वाघाच्या बातम्या, त्यामुळं दिवस मावळायच्या आत सगळे वावर सोडून घरी.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून दोघांनी डुकरांच्या वाटा पाहिल्या. ड्रोन खाली उतरवला, गप्पा झाल्या. तेवढ्यात अंजूचा फोन. याडी घरात नाही, मागच्या वाडीत नाही, देवळापाशीही नाही. "तुमच्यासंगं आहे ना?" तिनं विचारलं.

एका बॅटरीत जीव उरला होता. ती लावून त्यानं ड्रोन पुन्हा वर नेला. स्क्रीनवर हिरवी-पिवळी तूर सरकत होती. आणि मग त्यात काहीतरी चमकलं.

लालीबाई अजून जुनाच पेहराव करते, फेटिया आणि कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घागऱ्याला गोल आरसे. मावळतीचं ऊन त्या आरशांवर पडत होतं. ती तुरीतून हळूहळू चालली होती. प्रेमनं देवाचं नाव घेतलं.

"काका, सापडली. अन् एकटी नाही, कोनीतरी संगं आहे तिच्या."

खरंच होती. लालीबाईच्या पुढं आणखी एक बाई चालत होती. तिच्याही घागऱ्याला आरसे, डोक्यावरून पुढं ओढलेली ओढणी. तिनं लालीबाईचा हात धरला होता. प्रेमला हायसं वाटलं. चला, तांड्यातलंच कोणी आहे, घेऊन येईल. काकांनी मात्र स्क्रीन डोळ्यांजवळ घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"प्रेम... हा पेहराव आता तुह्या याडीशिवाय तांड्यात कोन घालते?"

काकांनी प्रेमला फोन लावून तो कानाशी धरला, हातातली काठी सारखी केली आणि तुरीत शिरले. ठरलं असं की प्रेमनं धुऱ्यावरून वाट सांगायची.

काका दिसेनासे झाले, पण स्क्रीनवर त्यांचं पांढरं पागोटं दिसत होतं. प्रेम डावीकडं म्हणाला की ते डावीकडं वळत, सरळ म्हणाला की सरळ. सुकलेल्या पानांची खसखस फोनमधून येत होती. ऊन गेलं होतं. गारठा उतरत होता आणि तुरीचा तो चिकट, हिरवा वास नाकात बसला होता.

"थांबा काका. तुमच्या समोरच आहेत दोघी."

"कुठं?"

"समोर. हात लांब करा न."

स्क्रीनवर पागोटं थांबलं. काकांचा हात पुढं झाला. प्रेमला स्वच्छ दिसत होतं, तो हात लालीबाईच्या खांद्याला लागला होता. फोनमधून फक्त काकांचा श्वास येत होता.

"इथं कोनी नाही रे... तूरच आहे नुसती."

"काका, तुमचा हात तिच्या..."

"कोनी नाही, बापा. पन गार लागून राह्यलं हाताले... लई गार."

त्याच वेळी पुढची बाई थांबली. ड्रोन बराच उंच होता, त्याचा आवाज खाली जेमतेम पोचत असेल. तरी तिनं मान वर केली. ओढणी सरकली नाही आणि आत तोंड दिसलं नाही, पण ती आपल्याकडंच पाहतेय हे प्रेमला आतून कळलं. त्यानं आपणहून नजर खाली घातली. पुन्हा पाहिलं, तर दोघी चालू लागल्या होत्या, आणि आता चालल्या होत्या थेट विहिरीकडं.

बॅटरी संपत आली की ड्रोन आपोआप माघारी येतो. स्क्रीनवर तांबडी खूण लुकलुकायला लागली होती. प्रेमनं माघारी येणं बंद करून टाकलं. पडला तर पडला. रिमोट छातीशी धरून तो तुरीत घुसला आणि विहिरीच्या दिशेनं पळत सुटला. फांद्या तोंडावर बसत होत्या, पायाखाली ढेकळं फुटत होती. "याडी, याडी" असं ओरडताना त्याचा आवाज चिरकला. कुठंतरी अगदी जवळ, उजव्या हाताला, आरशांची किणकिण झाली. तो तिकडं वळला. मग ती डाव्या हाताला झाली.

तूर एकाएकी संपली आणि विहीर समोर आली.

खचलेल्या काठावर लालीबाई बसली होती. पाय आत सोडलेले. एकटीच. प्रेमनं तिला मागून कवेत घेतलं आणि ओढतच मागं आणलं. तो लहान पोरासारखा रडत होता, आपण तिच्यावर वैतागलो म्हणून माफी मागत होता. तेवढ्यात काकाही धापा टाकत पोचले. लालीबाईनं प्रेमच्या गालावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता.

"कायले रडतं, प्रेम?" ती म्हणाली. "चाल घरी."

प्रेम! किती दिवसांनी त्यानं आपलं नाव तिच्या तोंडून ऐकलं. काकांचेही डोळे भरून आले. तिला दोघांच्या मधे घेऊन ते तुरीतून निघाले. आश्चर्य म्हणजे वाट तीच दाखवत होती, एकदाही न चुकता. धुऱ्यावर अंजू शाल घेऊन उभी होती. तिनं सासूला शाल गुंडाळली आणि रडायलाच लागली.

मग प्रेमच्या हातातला रिमोट वाजला. ड्रोन अजून वरच तरंगत होता, शेवटच्या घटकेवर. निदान उतरवून घ्यावा म्हणून त्यानं स्क्रीनकडं पाहिलं.

संधिप्रकाशात तूर काळी दिसत होती. तिच्यात एक म्हातारी फिरत होती, आरशांच्या घागऱ्याची. आता तिचा हात धरायला कोणी नव्हतं. ती चार पावलं इकडं जाई, थांबे, पुन्हा उलटी वळे. तोंडाशी हात धरून कोणाला तरी हाका मारत असावी. मग तिनं आवाजाच्या रोखानं वर पाहिलं. डोक्यावर ओढणी नव्हती.

प्रेमनं ते तोंड पाहिलं. जन्मापासून ओळखीचं तोंड.

स्क्रीन काळी झाली. तुरीत खोलवर काहीतरी धपकन पडलं. प्रेम तिकडं धावणार, तोच त्याचा हात कोणीतरी घट्ट धरला.

"कुठं चालला?" लालीबाई त्याच्या शेजारून म्हणाली. "अंधार पडला न, बाळा."

काका म्हणाले, चाल. अंजूही म्हणाली, चला. याडी सापडल्यावर आता तुरीत काय ठेवलंय? प्रेमनं कोणाला काय सांगावं? तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं अख्खी तूर पालथी घातली, विहिरीत गळ सोडला. काही निघालं नाही. ड्रोन तेवढा मिळाला, मोडका.

लालीबाई आता ठणठणीत आहे. राळेगावचे डॉक्टर चकित झाले. ती काहीच विसरत नाही. सणवार, नाती, सोयरे, सगळं तोंडपाठ. आपल्या जन्माआधीच्या लदेणीच्या, बैलांवर माल लादून फिरायच्या, वाटा सांगते, कोणत्या मुक्कामावर कोणाचा बैल मेला तेही सांगते. तांड्यातल्या बाया कौतुकानं ऐकायला येतात. प्रेम ऐकतो आणि तिच्याकडं पाहायचं टाळतो.

एरवी सगळं नीट आहे म्हणा. फक्त दिवेलागण झाली की दारावर थाप पडते, हलकी, घाबरलेली. प्रेम उठतो. चुलीपाशी बसलेली लालीबाई मान वर करत नाही, हातातली भाकर थापत राहते.

"उघडू नको, प्रेम," ती म्हणते. "वाट चुकलेली म्हातारी आहे कोनी. थोड्या वेळानं विसरते अन् जाते."