डिवचक

मिरजेच्या त्या उपचार केंद्रात चालण्याच्या हॉलला जाड दारं होती, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. प्रत्येक रुग्णासमोर त्याच्या घरचं एक माणूस उभं राहायचं आणि त्याच्या मनाला लागेल असं बोलायचं. कागदोपत्री या माणसाला ‘डिवचक’ म्हणत. हेमांगी आठ महिने आपल्या नवऱ्याची डिवचक होती.

गजेंद्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बसच्या टपावरून पडला आणि कमरेखालचं सगळं लुळं पडलं. पाठीच्या कण्यात विद्युतपट्टी बसवली तर तो चालेल, असं डॉक्टर शर्वरी निमकरांनी सांगितलं तेव्हा हेमांगीनं त्यांचे पाय धरले होते. पुढचं त्यांनी नंतर समजावलं.

“मेंदूकडून पायांकडे जाणारे तंतू बहुतेक तुटलेत. थोडे उरलेत. पट्टीचा सौम्य प्रवाह खालच्या नसांना जागं ठेवतो, पण ‘चल’ हा निरोप फार क्षीण पोचतो. माणूस संतापला की मेंदूतून जी रसायनं सुटतात, त्यांनीच त्या निरोपाला जोर येतो.”

“आनंदानं नाही येत?”

“करून पाहिलं. आनंदात पाय ढिले पडतात, भीतीनं आखडतात.”

पहिले तीन आठवडे हेमांगी त्याला ऐतखाऊ म्हणाली, ओझं म्हणाली. बोटसुद्धा हललं नाही. निमकरांनी तिला बाजूला घेतलं. अकरा वर्षांचा संसार आहे, म्हणाल्या, तुमचं खोटं त्यांना लगेच कळतं. खरं बोला.

मग ती खरं बोलू लागली. हे लग्न टाळायला आदल्या दिवशी आपण घरातून पळून जाणार होतो, हे तिनं सांगितलं. त्याची आई शेवटच्या दुखण्यात स्वतःहून गावी गेली नव्हती, आपणच तिला धाडलं, हेही सांगितलं. त्या दिवशी गजेंद्र हॉलच्या टोकापर्यंत चालत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यानं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

एकेक खरं महिनाभर पुरायचं, मग बोथट व्हायचं. तो पुन्हा कामावर जाऊ लागला. दोघं आता वेगळ्या खोल्यांत झोपत.

एका सकाळी हेमांगी म्हणाली, पुरे झालं. चाकाची खुर्ची घेऊ, मी ढकलेन. झालं गेलं त्याची माफी मागून तिनं त्याचा हात धरला. टेबलाला धरून उभ्या असलेल्या गजेंद्रचे डोळे भरून आले आणि गुडघे मोडले. दोघंही फरशीवर बसली. कित्येक महिन्यांत ती दोघं इतकी जवळ आली नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं तिचा हात बाजूला केला.

“माफी मागू नकोस. नऊला डेपोत पोचायचंय. बोल काहीतरी.”

“संपलं सगळं.”

“शोध.”

हेमांगी तोंडाला येईल ते बोलली.

“तुम्ही पडलात तेव्हा डेपोतून फोन आला. मला वाटलं, तुम्ही गेलात. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.”

हे तिनं त्याच क्षणी रचलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. गजेंद्रनं तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. मग कशालाही न धरता तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

ती फरशीवर बसून त्याची पावलं ऐकत राहिली. खोट्यावर ते पाय आजवर एकदाही उठले नव्हते.