बुधवारची गोळी

प्रेमकथेची सुरुवात फुलांनी करावी असा रिवाज आहे. वामन सबनीसच्या प्रेमाची सुरुवात पत्र्याच्या दोनशे डब्यांनी झाली. त्या कशासाठी होत्या हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं नुकसान त्यांच्यामुळेच झालं.

साल १९६३. नवी मुंबई तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. लोकांना जुनीच पुरत होती. ठाण्याहून खाडीकाठाने बेलापूरकडे निघालं की तळवली गाव लागायचं. भातशेती, मिठागरं आणि बारा महिने पोटाच्या तक्रारी. कुणाला आव, कुणाला कावीळ, कुणाचं यकृत सुजलेलं. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेचे डॉ. कीर्तने या पोटांचा अभ्यास करत होते. म्हणजे अभ्यास ते मुंबईत पंख्याखाली बसून करत. पोटांपर्यंत जाण्याचं काम वामनकडे होतं. वय सत्तावीस, जाड चष्मा, डॉक्टरकीची कोरी पदवी.

पहिल्या बुधवारी भुरभुर पाऊस होता. जीप रस्त्यावर सोडून वामन डब्यांचं खोकं छातीशी धरून बांधावरून निघाला आणि पंधराव्या पावलाला घसरून गुडघाभर चिखलात जाऊन बसला. डब्या चहूकडे उधळल्या.

"हलू नका! हललाव का आजून खाली जाल."

समोर एक मुलगी उभी होती. कासोटा खोचलेला, डोक्यावर टोपली, भुवईवर पावसाचा एक थेंब— तो पडेल पडेल म्हणून वामन बघत राहिला आणि हलायचं खरंच विसरला. तिने आधी डब्या गोळा केल्या, मग त्याला ओढून काढलं. हा क्रम त्याला पुढे बरेच दिवस बोचला.

"झ्याक हायत डब्या. कुकवाच्या का?"

"नाही... तपासणीच्या."

"कसली तपासनी?"

"पोटाची."

"न पोट या डबीत मावल?"

"पोट नाही... म्हणजे... सकाळी उठल्यावर आपण... जे—"

वामनने चष्मा पुसायला घेतला. हात चिखलाचे, त्यामुळे चष्मा गेलाच. मुलीने डबीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा डबीकडे पाहिलं. मग ती अशी हसली की शेतातले चार बगळे उठून पलीकडच्या शेतात जाऊन बसले.

"आई गो! डाक्टर, तुमी शिकलाव किती?"

"एम.बी.बी.एस."

"न इतकं शिकून हे गोला करतांव?"

हा प्रश्न वामनला पुढे मोठमोठ्या परिषदांतही आठवत राहिला.

मुलगी होती गोजरा, तुळशीराम पाटलांची. गावात सातवी पास झालेली ती एकटीच, तेव्हा डब्यांवर नावं लिहायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. दर बुधवारी तुळशीरामच्या ओट्यावर वामन बसायचा, समोर गोजरा. तिचं अक्षर गोल, टपोरं. 'सदतीस— चांगदेव बाळू' असलं काही ती लिहायची आणि वामनला ते काव्यासारखं वाचावंसं वाटायचं. उकळलेल्या पाण्याशिवाय गावात काही घ्यायचं नाही, असा कीर्तनेसरांचा कडक नियम होता. तिसऱ्या बुधवारी गोजराने खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली आणि वामनने तो नियम दोनदा वाढून घेऊन मोडला.

"बामनाच्या पोटाला चालल का?" तिने विचारलं.

"संशोधनासाठी चालतं."

"मंग उद्या सकाली तुमची बी डबी भरा," ती म्हणाली, आणि वामनला ठसका लागला.

सत्तेचाळीस नंबरची डबी गोजराची होती. ती तिने मान खाली घालून, दुसरीकडे बघत, कशीबशी त्याच्या हातात दिली. वामननेही दुसरीकडे बघत घेतली. प्रेमात पडलेल्या माणसाने प्रेयसीकडून पहिली भेट म्हणून असली वस्तू घेतल्याचं उदाहरण विरळाच असेल.

सूक्ष्मदर्शकाखाली ती डबी पाहताना मात्र त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अमीबा. भरपूर. आणि एकट्या सत्तेचाळीसमध्येच नव्हे. गावातल्या सोळा ते वीस वयाच्या अकराच्या अकरा अविवाहित मुलींत तेच, तितकेच. पुरुषांत कमी, म्हाताऱ्यांत कमी, पोरी मात्र एकजात आजारी. डॉ. कीर्तने खुर्चीतून उठले. ते सहसा चहा आल्यावरच उठत.

"सबनीस, हा शोध आहे! खाडीकाठच्या तरुण मुलींच्या यकृतालाच धोका का? दिल्लीच्या परिषदेत वाचू. विलायतेची शिष्यवृत्ती तुमचीच समजा."

औषध घ्यायला मुलींनी यावं म्हणून वामनने अकरा जणींच्या नावांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. स्वच्छ अक्षरात, शीर्षकासह. शहाण्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुकाही फार नीटनेटक्या होतात.

मग सुरू झाले गोळ्यांचे बुधवार. बुधवारची गोळी गोजराने त्याच्यासमोर घ्यायची, उरलेल्या सहा दिवसांच्या तो पुडीत बांधून द्यायचा. गोळी भयंकर कडू. ती डोळे गच्च मिटायची, नाकाचा शेंडा लाल व्हायचा. त्यानंतर नाडी. नाडी मोजायला एक मिनिट लागतं. वामनला चार लागत.

"एवरा येल काय मोजतांव?"

"चुकतंय... पुन्हा पहिल्यापासून मोजतो."

"माजं ठोकं चुकतान, का तुमचं मोजनं?"

त्याने मनगट सोडलं नाही. तिनेही हात काढून घेतला नाही.

गोळ्यांच्या सातव्या बुधवारी ती ओट्यावर नव्हती. बांधावर वाट बघत उभी होती, पहिल्या दिवशी तो पडला होता तिथेच.

"डाक्टर, ती यादी फारा."

"फाडू? का? काय झालं?"

"आमच्यातल्या गंगूची हलद तीन दिसांवर आयलीय. रबाल्याच्या लोकांनी निरोप धारलाय, लिव्हर सरलेली पोर आमाला नको. माजं बी एक स्थल मोरलं, त्याचं मना काय नाय..." तिने नजर खाडीकडे वळवली. "त्याचं बरंच वाटलं. पर गंगू दोन दीस जेवली नाय. डाक्टर, आमी आजारी नाय. त्या डब्या आमच्या नव्हत्या."

"मग कुणाच्या?"

"धोंडूबाईच्या."

धोंडूबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिचं पोट दहा वर्षं बिघडलेलं. परक्या तरण्या पुरुषाच्या हातात 'ते' द्यायचं कसं, म्हणून अकरा जणींनी रात्र जागून काढली आणि पहाटे धोंडूबाईचं दार ठोठावलं. म्हातारी म्हणाली, मना कसली लाज, आना डब्या. वामनच्या वहीत धोंडूबाईच्या नावापुढे मात्र नोंद होती— नमुना दिला नाही. स्वतःच्या डबीपुरतं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

वामन बांधावरच बसला. चिखल आहे की नाही हे न बघता.

"आणि गोळ्या? सहा आठवडे—"

"माज्या पुडीतल्या धोंडूबाईला देत व्हते. खरी आजारी तीच ना! आता भाकरी पचते तिला." गोजरा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "बुधवारची तेवरी मी खाल्ली. तुमी बगत व्हतात... म्हनून. दर बुधवारची माजी."

याहून स्पष्ट प्रेमाची कबुली वामनला आयुष्यात कुणी दिली नाही. आणि त्याने काय म्हणावं?

"पेपर मागच्याच महिन्यात दिल्लीला गेला गं."

"मंग?"

"मग... सर..."

"सराला काय करायचंय? पंचायतीपुरं हुबं ऱ्हावा न येवरंच बोला— माजी यादी साफ चुकली. चार शब्द हायत."

तिने मोजले होते. वामनने मात्र मधला मार्ग शोधला. फेरतपासणी करू म्हणाला. नव्या डब्या, नवे नमुने, मग सांगतो. शिकलेल्या माणसाला खरं बोलायच्या आधी थोडी तयारी लागते.

दुसऱ्याच दिवशी तो डब्या घेऊन आला. गोजराने आपली डबी सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिली. या वेळी मान वर, नजर सरळ.

"ही माजी. माजीच. तपासा."

अकराही डब्या स्वच्छ निघाल्या. शनिवारी सकाळी पंचायतीपुढे गाव जमलं, रबाळ्याची माणसंही आली. वामनच्या खिशात कीर्तनेसरांचं पत्र होतं. पेपर स्वीकारला, शिष्यवृत्ती मंजूर. तो उभा राहिला तेव्हा चार शब्दच बोलणार होता. शपथेवर बोलणार होता. पहिला शब्द जिभेवर आलाही. मग खिशातलं पत्र कुरकुरलं.

"तळवलीच्या अकराही मुली," तो म्हणाला, "औषधाने पूर्ण बऱ्या झाल्या आहेत."

टाळ्या पडल्या. रबाळ्याच्या म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याच संध्याकाळी गंगूला हळद लागली. लग्न वाचलं, पेपर वाचला, वर 'शंभर टक्के यशस्वी उपचार' हा दुसरा पेपरही तयार झाला. एवढ्या सगळ्यांचं भलं एका खोट्यात क्वचितच होतं. मागे खांबाला टेकून उभी असलेली गोजरा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

निरोप घ्यायला तो पुढच्या बुधवारी गेला. सवयीने पुडीतली एक गोळी पुढे केली. आजार नाही, कारण नाही, तरी केली. तिने ती घेतली, मुठीत ठेवली.

"मी दोन वर्षांनी परत येईन," वामन म्हणाला. "तुळशीरामदादांशी बोलेन, घरी बोलेन... गोजरा, तू थांबशील?"

"कोन थांबल?"

"म्हणजे?"

"जी आजारी परून बरी झाली ती, का जी आजारी नव्हतीच ती?"

"असं काय बोलतेस... तूच."

"तुमच्या वहीत एकच हाय," गोजरा शांतपणे म्हणाली. "तिला इचारा."

ती आत गेली. नाडी मोजायची राहून गेली.

दोन वर्षांचे तीन झाले. वामन परतला तेव्हा रस्ता रुंद झाला होता, रबाळ्याच्या बाजूला कारखान्यांची धुराडी उठत होती. यकृताच्या विकारांवरचा जाणकार म्हणून आता त्याला सभांना बोलवत. बुधवार बघूनच तो तळवलीला गेला. तुळशीरामचं दार बंद होतं. धोंडूबाईच्या ओसरीवर मात्र धोंडूबाई होती, चांगली गुटगुटीत, सुके बोंबील निवडत. वामनच्या सगळ्या संशोधनात खरोखर बरं झालेलं माणूस एवढं एकच, आणि तिचं नाव कुठल्याच पेपरात नव्हतं.

"गोजरा?"

"न्हावा गावाला दिली. जयदेव नाव, मासलीचा मचवा हाय सोताचा. हलदीच्या आदी तिनं त्याला समदं सांगितलं. मी आजारी नव्हते, डबी धोंडूबाईची व्हती, डाक्टर गावापुरं खोटं बोलला."

"मग... तो काय म्हणाला?"

"काय म्हननार? पोट धरून हसला. म्हनाला, धोंडूबाईला लग्नात पयल्या पंगतीला बसवा."

वामनही हसला. हसावं लागलं. तीन वर्षं जे तो धड बोलू शकला नव्हता, ते एका मचवेवाल्याने हसून पचवलं होतं.

म्हातारी आत जाऊन एक पत्र्याची डबी घेऊन आली. "डाक्टर आला तर दे म्हनाली."

डबीवर तेच गोल, टपोरं अक्षर. सत्तेचाळीस— गोजरा तुळशीराम. आत एक गोळी, जुनी, पिवळट पडलेली. शेवटच्या बुधवारची.

परतीच्या वाटेवर, बांधावर पंधराव्या पावलाला थांबून त्याने ती जिभेवर ठेवली. डोळे आपोआप गच्च मिटले.

अकरा मुलींना वाटलेली ती गोळी त्याने स्वतः कधी चाखलीच नव्हती. इतकी कडू असेल, याची त्याला कल्पना नव्हती.